वरोनेझचे लेखक: एकाच गावात इतके कसे?

मृण्मयी_वाचते

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात बोलायची पाळी माझी. वेळ अर्धा तास. विषय मीच हौसेनं मागून घेतला आणि आता पस्तावतेय.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आंद्रेई प्लातोनोवची 'कोतलोवान' इंग्रजीतून वाचली. प्रस्तावनेत लिहिलं होतं, लेखकाचा जन्म वरोनेझचा. मग मांदेलश्तामच्या कविता हाती लागल्या. त्यांचं नावच 'वरोनेझच्या वह्या'. मग कळलं की १९३३चं नोबेल मिळालेला इवान बुनिन जन्मला तोही वरोनेझलाच. मुलांसाठी लिहिणारा मार्शाकसुद्धा तिथलाच. नकाशात पाहिलं तर मॉस्कोच्या दक्षिणेला पाचशेक किलोमीटरवरचं एक प्रांतिक शहर. ना राजधानी, ना बंदर.

माझे प्रश्न दोन. एक, हा निव्वळ योगायोग आहे की त्या प्रांतात खरंच काही आहे? दोन, अर्ध्या तासात कोणाला घेऊ आणि कोणाला सोडू? विकिपीडियावरची यादी वाचून दाखवायची नाहीये, तेवढं मंडळी स्वतः वाचतात.

इथे कोणी रशियात शिकलेलं असेल तर फारच बरं.

दिगंत

थोडं पाणी ओततो, राग मानू नका.

जन्मदाखल्यावरून साहित्याचा इतिहास लिहिला की असंच होतं. बुनिन वरोनेझला जन्मला खरा, १८७० साली, पण तो तीन-चार वर्षांचा असतानाच घर शेजारच्या ओर्योल प्रांतातल्या जमिनीवर हललं. त्याचं बरंचसं लिखाण त्या येलेत्स भागातलं. ओर्योलवाले त्याला आपला म्हणतात आणि त्यांच्याकडे आधीच तुर्गेनेव, लेस्कोव, फेत, लिओनिद आंद्रेयेव आहेत. मांदेलश्ताम तर वरोनेझला हद्दपार होऊन आला होता. कैदी ज्या गावात ठेवला, त्या गावानं त्याच्यावर हक्क सांगायचा?

उरले प्लातोनोव आणि मार्शाक. दोन माणसांवर प्रांताची थोरवी उभी राहत नाही.

शाखाभियंता

मृण्मयीताई, मी शिकलोय तिथे. १९८५ ते १९९१. पहिलं वर्ष रशियन भाषेचं, पुढची पाच स्थापत्याची. पुढे उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यामुळे साहित्यावर बोलायचा माझा अधिकार बेताचाच. पण या गावातल्या लेखकांशी माझा जुना हिशेब आहे. मी त्यांच्यावरून सहा वर्षं चालत गेलो आणि मला पत्ता नव्हता. 'वरून' हे शब्दशः घ्या. गावात सर्कशीची मोठी पक्की इमारत आहे. आम्ही पोरं तिथे अस्वलं बघायला जायचो. इमारतीला लागून एक कुंपण, आत थोडी झाडं आणि चार-दोन थडगी. तिथे पूर्वी दफनभूमी होती. ती उठवली आणि कवींच्या कबरी तेवढ्या ठेवल्या: कोल्त्सोव आणि निकितिन. आम्ही कुंपणाला टेकून आइस्क्रीम खायचो.

दिगंत, तुमचं जन्मदाखल्याचं म्हणणं मान्य. म्हणून सुरुवात बुनिनपासून करूच नका. सुरुवात या दोघांपासून करा. 'प्रांतात काय आहे' याचं उत्तर मला तरी तिथेच सापडतं.

अलेक्सेई कोल्त्सोव, जन्म १८०९. बाप गुरंमेंढरांचा व्यापारी. रशियनमध्ये अशा माणसाला 'प्रासोल' म्हणतात. गवताळ रानात कळप विकत घ्यायचे, चारायचे, हाकत आणायचे, कापायचे, मांस आणि चरबी विकायची. पोरगं शाळेत जेमतेम दीडेक वर्ष गेलं असेल, मग बापानं घोड्यावर बसवलं. कविता त्यानं रानात मुक्कामाला असताना केल्या. पेरणी, कापणी, नांगर, घोडा हे त्याचे विषय, आणि कवितेची लय लोकगीतांची. आता गंमत बघा. त्या काळात रशियन कविता म्हणजे जमीनदारांच्या पोरांचं काम. खेडं त्यांनी बंगल्याच्या सज्जातून पाहिलेलं. हा गडी रक्तानं माखलेल्या हातांचा. त्याच प्रांतातल्या जमीनदार घरातल्या स्तांकेविच नावाच्या तरुणानं त्याला हेरलं आणि १८३५ साली वर्गणी काढून पहिलं पुस्तक छापलं, अवघ्या अठरा कवितांचं. पुढच्याच वर्षी पुश्किननं त्याची 'सुगी' आपल्या नियतकालिकात घेतली. १८३७ला युवराजांच्या लवाजम्याबरोबर कवी झुकोव्स्की वरोनेझला आला आणि या मेंढरांच्या व्यापाऱ्याला बरोबर घेऊन सगळ्यांच्या देखत गावातून हिंडला. गावाचा विश्वास बसेना.

पण बापाचा धंदा काही सुटला नाही. चरित्रकार सांगतात, घरातल्या दुन्याशा नावाच्या भूदास मुलीवर त्याचं प्रेम होतं. हा कळप घेऊन रानात गेला असताना बापानं तिला परस्पर विकून टाकलं. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी क्षयानं गेला, १८४२ साली, त्याच बापाच्या घरात.

दुसरा इवान निकितिन, जन्म १८२४. याच्या बापाचा मेणबत्त्यांचा कारखाना बुडाला. मग घरात गाडीवानांसाठी उतारशाळा काढली. कवी दिवसभर घोड्यांना ओट मोजून द्यायचा, गाडीवानांना कोबीचं सूप वाढायचा आणि रात्री लिहायचा. १८५९ साली तीन हजार रूबल कर्ज काढून त्यानं मुख्य रस्त्यावर पुस्तकांचं दुकान टाकलं, आत वाचनालयही. दोन वर्षांत दुकान गावाचा अड्डा झालं आणि दोन वर्षांतच हा मेला. तोही क्षयानंच.

यात मला काय दिसतं? वरोनेझ हा सरहद्दीचा मुलूख. पलीकडे गवताळ रान आणि तातारांच्या धाडी, म्हणून सोळाव्या शतकात इथे किल्ला बांधला. ओर्योल-तुलासारखी जुन्या उमरावांची दाट वस्ती इथे कमी. व्यापारी, गाडीवान, कारागीर, पुढे रेल्वेवाले यांचं गाव. त्यामुळे इथला लेखक हाताला घट्टे पडलेला निघतो. हे माझं मत. विद्यापीठात कोणी शिकवलेलं नाही.

आता प्लातोनोव. इथे मी जरा लांबण लावणार आहे, आधीच सांगतो.

त्याचं खरं आडनाव क्लिमेंतोव. बाप प्लातोन रेल्वेत फिटर. बापाच्या नावावरून यानं टोपणनाव केलं. जन्म १८९९, गावाबाहेरच्या याम्स्काया वस्तीत. ('यामा' म्हणजे खड्डा, पण या नावाचा खड्ड्याशी संबंध नाही. 'याम' म्हणजे टपालाच्या घोड्यांची चौकी. गाडीवानांची वस्ती ती.) भावंडांत थोरला, त्यामुळे तेरा-चौदाव्या वर्षापासून कामाला. रेल्वेच्या तंत्रशाळेत शिकला, गावातल्या वर्तमानपत्रांतून लिहायला लागला, विसाव्या वर्षी गावातलं नाव झाला. आणि मग १९२१चा दुष्काळ पडला. व्होल्गापासून वरोनेझपर्यंत माणसं उपाशी मेली. त्यानं आत्मवृत्तात लिहून ठेवलंय की त्या अवर्षणानं तो हादरला, आणि तंत्रज्ञ असल्यामुळे साहित्यासारखं नुसतं बघत बसण्याचं काम त्याला करवेना.

लेखणी ठेवली आणि प्रांताच्या जलसंधारण खात्यात गेला. १९२३ ते १९२६ या काळातलं त्याच्या कामाचं प्रमाणपत्र उपलब्ध आहे. ७६३ तळी, ३१५ बांधीव विहिरी, १६ कूपनलिका, दलदलीचा निचरा केलेली हजारो एकर जमीन आणि खेड्यांतली तीन वीजकेंद्रं. अहो, मी या खात्यात आयुष्य काढलंय. तीन हंगामांत सातशे त्रेसष्ट तळी म्हणजे काय, हे मला विचारा. यंत्रं नाहीत, सगळं फावड्यानं. मजुरी देण्याजोगा पैसा नाही, तर धान्यावर काम. बरं, तळं बांधणं सोपं, सांडवा टिकवणं अवघड. तिथे वसंतात बर्फ वितळलं की आठ-दहा दिवसांत वर्षाचं पाणी धावत येतं. मातीचा भराव नीट ठोकलेला नसेल तर तळं आणि खालचा पाणंद रस्ता दोन्ही गेलेच.

हे कळलं की त्याच्या गोष्टी वेगळ्या वाचायला लागतात. 'येपिफानचे जलद्वार' ही १९२७ची कथा घ्या. पीटर बादशहासाठी दोन नद्या जोडणारा कालवा काढायला एक इंग्रज अभियंता येतो. कागदावर सगळं जमतं, कारण मोजणी झाली ती भरपूर पावसाच्या वर्षात. प्रत्यक्षात पाणी पुरत नाही. मग जास्त झरे मिळावेत म्हणून तळ्याच्या बुडाला भोक पाडतात, तर खालचा चिकणमातीचा थरच फुटतो आणि होतं तेवढंही पाणी वाळूत मुरून जातं. अभियंत्याचा शेवट फार वाईट होतो. ही चूक साहित्यिकाला सुचणारी नाही. ज्यानं विंधन घेताना आपली स्वतःची छाती धडधडलेली ऐकलीय, त्यालाच सुचते. (जॉन पेरी नावाचा खरा इंग्रज अभियंता पीटरकडे होता, वरोनेझच्या गोदीतही त्यानं काम केलं. तो मात्र पगार थकला म्हणून भांडून जिवंत परत गेला.)

आणि 'विजेची मायभूमी' नक्की वाचा, छोटी आहे. १९२१चा उन्हाळा, पावसासाठी देवाची मिरवणूक निघालीय, आणि एका खेड्यात जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर वीज काढलीय. पेट्रोल नाही, म्हणून इंजिन चालतं धान्याच्या हातभट्टीवर. मोटारसायकलचं नाव 'इंडियन'. मी वसतिगृहात हे वाचून इतका हसलो की खोलीतला मंगोलियन पोरगा उठून बसला.

तो कोण, हे मला कधी कळलं तेही सांगतो. त्या काळात आम्हाला पाये शिकवायचे. पायासाठी जो खड्डा खणतात त्याला रशियनमध्ये 'कोतलोवान'. रोज शंभरदा ऐकायचो. कोतलोवानची खोली, कोतलोवानचा उतार, कोतलोवानमधलं पाणी उपसणं. १९८७चा उन्हाळा. आमच्या बाई 'नोवी मीर' मासिकाचा जूनचा अंक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं. 'कोतलोवान', आंद्रेई प्लातोनोव. मला वाटलं स्थापत्याचा लेख असेल. बाई म्हणाल्या, "हे आपल्या गावच्या माणसानं १९३० साली लिहिलंय, आज छापलंय." सत्तावन्न वर्षं. लेखक जाऊनही छत्तीस वर्षं झालेली. अंक मला एका रात्रीपुरता मिळाला. भाषा अर्धीच कळली, पण एवढं कळलं की कामगारांच्या भव्य घरासाठी खड्डा खणतायत, खणतच जातायत, आणि घर काही उभं राहत नाही. शेवट सांगत नाही, तुम्ही वाचलेलाच आहे.

बोटं दुखली. मांदेलश्तामवर नंतर लिहितो.

खवचट_खारूताई

शाखाभियंता काका, जिंकलंत! मोटारसायकलसाठी तरी मी ती कथा शोधणार.

एक भर. 'पांढरा बिम, काळा कान' ही कुत्र्याची गोष्ट लिहिणारा गाव्रिल त्रोयेपोल्स्की वरोनेझचाच. १९७१चं पुस्तक. बिम हा शिकारी सेटर जातीचा, पण रंग चुकलेला, म्हणून कागदोपत्री त्याला किंमत नाही. मालक इस्पितळात जातो आणि कुत्रं त्याला गावभर शोधत फिरतं. पुढचं मी सांगणार नाही. चित्रपट पाहताना मी दहा वर्षांची होते आणि शेवटची पंधरा मिनिटं पडद्याकडे पाठ करून बसले. वरोनेझला बाहुलीनाट्याच्या थिएटरसमोर बिमचा धातूचा पुतळा आहे, खऱ्या कुत्र्याच्या मापाचा, मालकाची वाट बघत बसलेला. फोटोत बघा, कान घासून घासून चकचकीत झालाय.

शाखाभियंता

खारूताई, तो पुतळा माझ्या नंतरचा, १९९८चा. पण त्रोयेपोल्स्की तेव्हा गावात होता, हयात. आणि बघा, तोही मूळचा कृषितज्ज्ञ. पुन्हा घट्टे पडलेला हात. दिगंत, मोजताय ना?

मृण्मयी_वाचते

काका, तुम्ही माझा अर्धा तास एकट्या प्लातोनोवमध्येच संपवलात. तक्रार नाही.

पण मांदेलश्तामबद्दल दिगंत म्हणतात ते मलाही टोचतंय. तो तिथला नव्हताच. स्तालिनवरच्या कवितेबद्दल पकडला आणि तिथे पाठवला. मग 'वरोनेझचा कवी' म्हणणं म्हणजे तुरुंगाला श्रेय देणं नाही का? आणि त्यानं हेच गाव का निवडलं?

शाखाभियंता

प्रश्न बरोबर आहे. सांगतो.

१९३४च्या मेमध्ये अटक. आधी उरलकडच्या चेर्दिनला पाठवलं. तिथे त्यानं इस्पितळाच्या खिडकीतून उडी मारली. मग शिक्षा सौम्य केली: बारा मोठी शहरं सोडून कुठेही राहा. गाव चटकन सांगायचं होतं. बायको नाद्येझ्दा आठवणींत लिहिते की त्यांच्या ओळखीचा एक जीवशास्त्रज्ञ वरोनेझचा होता, गावाचं कौतुक करायचा, आणि त्याचे वडील तुरुंगातले डॉक्टर. तुरुंगाचा डॉक्टर ओळखीचा असलेला बरा, असाही विचार झाला. इतक्या साध्या कारणानं रशियन कवितेत वरोनेझ आलं.

१९३४च्या जूनपासून १९३७च्या मेपर्यंत तो तिथे होता. खोल्या बदलत राहिला. रेल्वेजवळच्या एका उतारावरच्या खळग्यात राहायचा, त्यावर कविता आहे: ही कुठली गल्ली? मांदेलश्ताम गल्ली. काय विचित्र नाव, कसंही फिरवा, वाकडंच वाजतं, सरळ नाही. पुढे तो म्हणतो की ही गल्ली कसली, हा तर खड्डा, 'यामा'. तोच शब्द! गावाच्या नावाचीही त्यानं अशीच मोडतोड केली: "वरोनेझ – ब्लाझ, वरोनेझ – वोरन, नोझ." ब्लाझ म्हणजे लहर, वोरन म्हणजे डोमकावळा, नोझ म्हणजे सुरा. आणि कैद्यांना न्यायच्या काळ्या गाडीलाही लोक 'वोरोनोक' म्हणायचे, छोटा कावळा. सगळं त्या एका नावात. भाषांतरात हे उरत नाही, म्हणून तुमच्या गटात मूळ ओळ एकदा मोठ्यानं म्हणाच.

आता तुरुंगाला श्रेय देणं. अटकेनंतर जवळजवळ वर्षभर त्याच्याकडून कविता झाली नाही. १९३५च्या एप्रिलमध्ये सुटली, आणि त्या वसंतातली एक महत्त्वाची कविता कशावर? 'चेर्नोझ्योम', काळ्या मातीवर. नांगरलेली, ओली, लठ्ठ जमीन आणि तिचं बोलकं मौन. पीटर्सबर्गचा हा शहरी माणूस, दगडी इमारतींवर लिहिणारा, ज्याला ढेकूळ कसं दिसतं ठाऊक नव्हतं. कोल्त्सोवनं जे रानात उभं राहून लिहिलं ते याला शंभर वर्षांनी हद्दपारीत दिसलं. एका कवितेत तर तो कोल्त्सोवचं नावच घेतो, आपण त्याच्याभोवती घिरट्या घालणारा बांधलेला ससाणा आहोत असं काहीतरी. म्हणजे नातं मी लावत नाहीये, त्यानंच लावलंय.

(कोणी म्हणण्याआधीच सांगतो, ही आपली रेगूर काळी नव्हे. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिथली कुजलेल्या गवतानं काळी झालीय, भुसभुशीत, काही ठिकाणी मीटरभराहून खोल. मार्चमध्ये तीतून चालताना माझा गमबूट आत राहिला आणि पाय बाहेर आला.)

सुरुवातीला त्याला थिएटरात आणि रेडिओवर थोडं काम मिळालं. १९३६च्या शरदापासून तेही बंद. लोक रस्त्यात ओळख दाखवेनात. कवयित्री आख्मातोवा त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याला भेटून गेली होती. तिची 'वरोनेझ' नावाची कविता सुरू होते बर्फानं काचेसारख्या झालेल्या शहराच्या वर्णनानं, पीटरचा पुतळा, कावळे, पॉपलर. अगदी पर्यटकाची कविता वाटते. आणि शेवटच्या चार ओळींत ती खोलीत शिरते: मर्जीतून उतरलेल्या कवीच्या खोलीत भीती आणि प्रतिभा पाळीपाळीनं पहारा देतायत. छापताना या ओळी वर्षानुवर्षं गाळल्या जायच्या.

आता ज्या माणसासाठी मी हे सगळं लिहितोय, तिच्याकडे येतो. नताशा श्तेंपेल. तंत्रविद्यालयात शिकवणारी तरुण बाई, एका पायानं लंगडणारी. १९३६ साली ती आपण होऊन त्यांच्या दारात गेली, जेव्हा बाकीचे दार ओलांडायचे बंद झाले होते. तिनं लिहिलंय की एकदा फिरताना मांदेलश्ताम टेलिफोनच्या खोक्यात शिरला, नंबर फिरवला आणि नव्या कविता वाचायला लागला. मग ओरडला, "नाही, ऐका! मला दुसरं कोणी नाहीये वाचून दाखवायला!" पलीकडे कोण होतं? गुप्त पोलिसांतला त्याच्यावर नेमलेला अधिकारी.

१९३७च्या मेमध्ये त्यानं तिला दोन कविता दिल्या. तिच्या लंगडण्यावरूनच सुरू होतात, आणि त्या लंगडण्याला तो वसंताची, मोकळेपणाची चाल म्हणतो. त्याच महिन्यात ते गाव सोडून गेले. पुढचं ठाऊक आहेच, पुन्हा अटक आणि १९३८च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मृत्यू. १९४२च्या जुलैमध्ये जर्मन वरोनेझला येऊन भिडले. नताशा आईबरोबर बाहेर पडली तेव्हा तिनं कवीचे कागद बरोबर घेतले. युद्धातून सांभाळून परत आणले. गाव परत मिळालं १९४३च्या जानेवारीत, तेव्हा नदीच्या उजव्या तीरावर उभी घरं बोटावर मोजण्याइतकी.

आता माझा हिशेब. ही बाई वारली १९८८ साली, वरोनेझला. म्हणजे तीन वर्षं मी तिच्याच गावात होतो. ट्रॉलीबसमध्ये माझ्या शेजारी बसली असेल, मी उठून जागा दिली असेल किंवा नसेलही. तिच्या आठवणी १९८७ला मासिकात आल्या, आमच्या बाईंनी तोही अंक आणला होता. मी घेतला नाही. परीक्षा होती, प्रबलित काँक्रीटची.

वाचल्या त्या पंधरा वर्षांनी, निवृत्त व्हायच्या जरा आधी, एका धरणाच्या विश्रामगृहात.

दिगंत

काका, माझं पाणी परत घेतो. जन्मदाखल्यावरून नाही, तर कोण कोणाला वाचत होतं यावरून प्रांत ठरवायचा, असं म्हणताय तुम्ही. हे पटलं.

प्रायश्चित्त म्हणून दोन गोष्टी. 'आम्ही' ही कादंबरी लिहिणारा झाम्यातिन जवळच्या लेबेद्यानचा, पण शाळा वरोनेझची. १९०२ला सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला, पीटर्सबर्गला जाऊन ते पंचवीस रूबलला गहाण टाकलं आणि परत कधी सोडवलं नाही. समीक्षक आयखेनबाउम वाढला वरोनेझलाच, त्याचे आईवडील तिथे डॉक्टर. आणि भाषा-साहित्याला वाहिलेलं 'फिलोलॉजिचेस्किये झापिस्की' हे नियतकालिक वरोनेझहून १८६० साली सुरू झालं. निकितिनच्या दुकानाचाच काळ. म्हणजे घट्टेवाल्या हातांबरोबर थोडी शाईसुद्धा होती काका, तेवढं माझं राहू द्या.

शाखाभियंता

राहू द्या की. शाईचं माझ्या ध्यानात नव्हतं.

मृण्मयी_वाचते

ठरलं. बुनिन आणि मार्शाक एकेका वाक्यात. सुरुवात सर्कशीजवळच्या कुंपणापासून, मग सातशे त्रेसष्ट तळी, मग टेलिफोनचं खोकं. काका, आइस्क्रीमचा प्रसंग तुमच्या नावाशिवाय सांगितला तर चालेल ना? आणि उच्चार नक्की काय, वोरोनेझ की वरोनेझ?

शाखाभियंता

सांगा बिनधास्त. लिहिताना 'वो', बोलताना 'व', आणि जोर मधल्या 'रो'वर. शेवटचा 'झ' तोंडात 'श'कडे झुकतो. पण मांदेलश्तामची ओळ म्हणताना तो सुऱ्यासारखा वाजवलात तरी चालेल.

एक दुरुस्ती. वर मी 'निवृत्त व्हायच्या जरा आधी' लिहिलंय आणि 'पंधरा वर्षांनी'ही. दोन्ही एकदम बसत नाही, बायकोनं आत्ता वाचून दाखवलं. पंचवीस वर्षांनी वाचल्या. आकड्यांच्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

आणि तुमचं भाषण झालं की इथे लिहा. मंडळी कुठे झोपली ते कळलं पाहिजे.